हंग्री बेची पाहुणी

पिंडर्स क्रीकच्या चर्चच्या सुगीच्या मेळ्यात यंदा सोडतीचं पहिलं बक्षीस कुणालाच नको होतं. सगळ्यांचा डोळा दुसऱ्यावर. दुसरं बक्षीस म्हणजे बर्फातली डुकराची अख्खी तंगडी, नऊ किलोची, राजधानी नासाऊहून टपालबोटीनं खास मागवलेली. पहिलं बक्षीस जहाज कंपनीनं मोठ्या मनानं दिलेलं. नासाऊहून निघून नासाऊला परत, दोन रात्रींची समुद्रसफर, आणि मध्ये एक पूर्ण दिवस कंपनीच्या खासगी किनाऱ्यावर. आता हा खासगी किनारा कुठला, तर पिंडर्स क्रीकपासून चालत अर्ध्या तासावरचा हंग्री बे. ज्यांच्या बापजाद्यांनी तिथं जाळी वाळत घातली, त्यांनाच कंपनी तिथं फिरायला नेणार, तेही बक्षीस म्हणून. ह्याला म्हणतात दानत!

डीकन आल्फान्सोनं टोपीतून चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि वाचलं, "मिस यूलामे पिंडर."

अंगणात हशा पिकला.

"मिस यूलामे, टोपी घ्या हो बरोबर. ऊन फार असतं म्हणे तिकडं!"

"तिथले लोक स्वभावानं चांगले, पण पाकीट सांभाळा!"

"आणि आम्हाला पत्र टाका पोचल्यावर!"

यूलामेचं वय चौऱ्याहत्तर, पण जीभ अठराची. एरवी तिनं एकेकाच्या सात पिढ्या तिथल्या तिथं धुतल्या असत्या. तिलाही खरं तर तंगडीच हवी होती. ती लागली रूपर्टला. रूपर्ट तिच्या भावाचा मुलगा, हंग्री बेच्या मागच्या फाटकावर पहारेकरी होता. पोरगा भला. म्हणाला, "आत्या, बदलून घ्यायचं का? तुम्ही तंगडी घ्या, मला काय, रोजच तिथं उभा असतो."

यूलामेनं "आण इकडं" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्या झग्याच्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक चपटी डबी होती. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं.

"नको," ती म्हणाली. "पदरात पडलं ते पवित्र झालं. जाते मी."

तिचा मुलगा होझिया, जो मघापासून कोपऱ्यात शंखाच्या मांसाची कोशिंबीर खात उभा होता, त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला.

डबीत नाळ होती. यूलामेच्या पणतीची, कापसात गुंडाळलेली. होझियाची मुलगी शँटेल नासाऊच्या इस्पितळात बाळंत झाली, मुलगी झाली, नाव ठेवलं झारिया. नाळ वाळून गळली तशी शँटेलनं ती डबीत घालून टपालबोटीच्या कप्तानाबरोबर धाडली. पोरीला रीत ठाऊक होती. पिंडर घराण्यातल्या मुलाची नाळ घरातली थोरली बाई हंग्री बेच्या वाळूत पुरते आणि वर मोड आलेला नारळ लावते. ते झाड त्या मुलाचं. पोरं भांडली की एकमेकांच्या झाडांना दगड मारत आणि म्हातारं माणूस गेलं की त्याच्या झाडाचे नारळ आठवडाभर कुणी तोडत नसे. मोठ्या खडकापासून विहिरीपर्यंत अशी एकतीस झाडं ओळीनं उभी. सातवं यूलामेचं. ते कोवळं असताना वादळानं आडवं पाडलं, पण मेलं नाही, पुन्हा वर वळलं. म्हणून त्याला मधोमध बसण्याजोगा बाक आला होता. त्या बाकावर बसवून तिच्या नवऱ्यानं तिला लग्नाचं विचारलं, आणि तिनं उत्तर द्यायला मुद्दाम तीन दिवस लावले.

आठवं झाड होझियाचं. नववं धाकट्या वेंडेलचं असायचं, पण वेंडेलची नाळ खिडकीत वाळत ठेवलेली उंदरानं पळवली. वेंडेल मायामीला गेला तो गेलाच. अठरा वर्षांत नाताळचा फोनसुद्धा नाही. गावातले कुणी म्हणत कागदपत्रांची भानगड आहे, कुणी म्हणत बाईची. यूलामे म्हणे, उंदराची.

आणि आता शँटेल पुढच्या महिन्यात बाळाला घेऊन टेक्सासला निघाली होती. कायमची.

"टेक्सासला ने, नाहीतर चंद्रावर ने," यूलामे म्हणाली होती, "पण नाळ इथं पडली पाहिजे. नाळ जमिनीत असली की माणूस फिरून येतं. नसली की त्याचा वेंडेल होतो."

अडचण एवढीच, की सहा वर्षांपूर्वी सरकारनं हंग्री बे नव्याण्णव वर्षांच्या करारानं कंपनीला देऊन टाकला. कुंपण आलं, कॅमेरे आले, कुत्री आली. हंग्री, म्हणजे उपाशी, हे नाव पाहुण्यांच्या भुकेला बरं दिसेना, म्हणून कंपनीनं बारसं करून ‘ब्लिस बे’ केलं. अर्ध्या गावाला तिथं नोकरी लागली. होझिया तिथं माळी. पण नोकरीवाल्यांनी आत जायचं ते जहाज असेल त्या दिवशी, गणवेशात, एकेकट्यानं. बाकीच्यांनी गावातूनच समुद्र बघायचा.

यूलामेनं होझियाच्या मागं धोशा लावला होता.

"मला आत ने."

"आई, तुझ्या वयाला शोभतं का कुंपणाखालून सरपटणं?"

"मग मॅनेजरीणबाईंना विचार."

"विचारलं. म्हणाल्या, विमा आड येतो."

"हा विमा कोण लागून गेलाय? त्याच्या आजीला ओळखत असेन मी!"

"डबी माझ्याकडे दे. मी पुरतो कामावर असताना."

"पुरुषाच्या हातानं नाळ पुरतात होय रे? उद्या म्हणशील बाळंतपणही मीच करतो."

तसा होझिया पोरगा वाईट नव्हता. बावन्न वर्षांचा झाला तरी दर शनिवारी आईच्या घरी यायचा, कोंबड्यांना दाणे टाकायचा, आणि तिच्या झाडाचा एक नारळ आणून अंगणात फोडायचा. यूलामे पाणी प्यायची आणि नाक मुरडायची. "यंदा पांचट लागतंय."

"झाड म्हातारं झालं, आई."

"झाड झालं असेल. मी नाही."

सोडतीनंतरचे आठ दिवस त्यानं तिला परतवायला जंग जंग पछाडलं. बोट लागेल, गुडघे दुखतील, जहाजावरचं खाणं बाधेल. रूपर्ट अजून तंगडी द्यायला तयार आहे. यूलामेला वाटलं, पोराला लाज वाटत असणार. आईसमोर तबक घेऊन उभं राहायचं, ‘यस मॅडम, नो मॅडम’ करायचं. तिनं त्याची समजूत काढली, "मी तुला ओळखच दाखवणार नाही. झालं समाधान?" त्याच्या चेहऱ्यावर काही समाधान दिसलं नाही.

आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर जाण्यासाठी यूलामे टपालबोटीनं चौदा तास उलटी नासाऊला गेली. कांद्याची पोती आणि एक बकरी सोबतीला. नासाऊला शँटेलकडे बाळाच्या गालाचा मुका घेतला, "तुझंच काम करायला चाललेय, लबाडे," असं तिच्या कानात सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या डोंगराएवढ्या जहाजात शिरली.

जहाजावर तिनं पहिल्याच तासात एकोणीस जणांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. उत्तर दिलं दोघांनी, त्यातला एक झाडूवाला. पिंडर्स क्रीकमध्ये गुड मॉर्निंग गिळणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी मासळी विकत नाही. इथं अशीच माणसं दिवसातून सहा वेळा जेवत होती. नशीब की जेवणाच्या टेबलावर शेजारी मार्लीन आली. ओहायोकडची, गोल, गोरी, बोलघेवडी बाई. तिनं यूलामेला मिठीच मारली.

"तुम्ही कुठल्या?"

"उद्या जिथं उतरायचं ना, तिथली."

"अय्या! म्हणजे तुम्ही तिथं कामाला असता?"

"नाही. सुटीवर चाललेय."

मार्लीनला हे फार आवडलं. का, ते यूलामेला कळलं नाही. ब्लिस बे म्हणजे स्वर्ग, असं मार्लीन म्हणाली. तिची ही चौथी खेप. तिथं अगदी घरी आल्यासारखं वाटतं. यूलामे म्हणाली, "बघू या मला काय वाटतं ते."

सकाळी जहाज धक्क्याला लागलं. मनगटाला निळा पट्टा बांधून, उन्हाची टोपी चढवून, झग्याच्या खिशातली डबी चाचपत यूलामे चार हजार पाहुण्यांबरोबर उतरली. धक्क्यावर ढोल वाजत होते. समुद्रचाच्याच्या वेषात, एका डोळ्यावर काळी पट्टी लावून, लाकडी तलवार हलवत उभा होता तो कोण? डीकन आल्फान्सो. रविवारी ह्याच तोंडानं पापपुण्य सांगणारा.

"आमच्या बेटावर स्वागत असो, मॅड..." यूलामे दिसली तशी त्याची उघड्या डोळ्याची पापणी फडफडली. "...मॅडम."

"गुड मॉर्निंग, डीकन. डोळ्याला काय झालं?"

"मिस यूलामे, पुढं चला हो," तो ओठ न हलवता म्हणाला. "मॅनेजरीणबाई बघतायत."

सगळं गावच तिथं हजर होतं. वेण्या घालायला पोस्टातली बाई, टॉवेल वाटायला शाळेचे निवृत्त हेडमास्तर. एकेक जण तिला बघून आधी चपापे, मग ठरलेलं हसू हसे. यूलामेला वाटलं, आपण मेलो आहोत, हे सगळे आपल्याला भेटायला आले आहेत आणि बोलायची परवानगी कुणालाच नाही.

मोठा खडक जागेवर होता. त्याला पांढरा रंग दिला होता आणि पुढं फोटो काढायची चौकट. तिथून यूलामेनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. झाडं उंच, सरळ, सगळी एका मापाची, पलटणीतल्या शिपायांसारखी. प्रत्येकाच्या कमरेला दिव्यांची माळ. चार, पाच, सहा. सातवं झाडही सरळ होतं.

तिनं मागं जाऊन पुन्हा मोजलं. मग विहीर शोधली. विहिरीच्या जागी आईस्क्रीमचं यंत्र गुरगुरत होतं. तिसऱ्यांदा मोजताना तिनं प्रत्येक झाडाला हात लावला. एकाही झाडाला बाक नव्हता. वर पाहिलं तर एकाही झाडाला नारळसुद्धा नव्हता.

ती जवळच्या आरामखुर्चीवर बसली. शेजारच्या खुर्चीत मार्लीन अंगाला तेल चोपडत होती. तिनं हात वर केला आणि एक गणवेशवाला माळीकाम सोडून, तबक घेऊन आला. माणसं कमी पडली की कंपनी माळ्यालाही तबक धरायला लावते.

"मॅडम, काय आणू?" होझियानं विचारलं. नजर वाळूत.

"माझं झाड कुठाय?"

"मॅडम, अननसाचा रस..."

"होझिया, माझं झाड कुठाय?"

मार्लीननं काळा चष्मा वर केला, दोघांकडे पाहिलं आणि शहाण्या बाईसारखी उठून पाण्याकडे गेली. होझिया वाकला, तबक पुसल्यासारखं करू लागला.

"पहिल्याच वर्षी काढली, आई. सगळी. वाकडी दिसतात म्हणाले. आणि पाहुण्यांच्या डोक्यात नारळ पडला तर विमा. ही फ्लोरिडातून आणली, तराफ्यावर घालून. ह्यांना फळ धरायच्या आधीच आम्ही छाटतो."

"काढली म्हणजे कुणी काढली?"

यूलामेनं त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. हा मुलगा खोटं बोलायला लागला की डावा कान खाजवतो, हे तिला तो तीन वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. शनिवारी नारळ फोडताना तो दरवेळी कान खाजवायचा, आणि तिला वाटायचं डास चावला.

"मी," तो म्हणाला. कान खाजवला नाही. "नोकरी लागली त्याच आठवड्यात करवत हातात दिली. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्यानं कापलं असतं. वाटलं, परक्याच्या हातनं कशाला. आधी माझं कापलं. मग तुझं."

"आणि नारळ? शनिवारचा?"

"दुसऱ्या देशातून, डॉमिनिकनहून येतो. खोक्यातून. इथल्या स्वयंपाकघरासाठी."

सहा वर्षं! सहा वर्षं ती डॉमिनिकनचं पाणी पिऊन आपल्या झाडाची प्रकृती विचारत होती. यूलामेला आधी हसू फुटलं, आणि मग असा राग आला की तबकातला अननस त्याच्या टाळक्यात घालावा. पण चार हजार लोकांत आपल्याच पोराला मारायचं म्हणजे त्याची नोकरी जायची. पाहुणीनं नोकराला मारलं तरी चालतं बहुतेक. आईनं मारलेलं चालत नसणार.

"मेल्या," ती एवढंच म्हणाली. "एकदा तोंड उघडायचं होतंस रे. रडले असते, शिव्या दिल्या असत्या, झालं असतं. तू मला सहा वर्षं येड्यात काढलंस."

"तू रडशील म्हणूनच नाही सांगितलं."

"मग आता काय करतेय?" यूलामे टोपी खाली ओढत म्हणाली.

होझिया तिथंच उभा राहिला. मॅनेजरीणबाईंनी लांबून दोनदा पाहिलं, तेव्हा गेला.

खिशातली डबी आता दगडाएवढी जड झाली होती. ही कुठं पुरायची? घराच्या अंगणात? अंगण खडकाळ, आणि तिथं उंदीर. रीत हंग्री बेची. मार्लीन भिजून परत आली तेव्हा तिनं यूलामेच्या हातावर हात ठेवला आणि काही न विचारता म्हणाली, "तुम्ही एक झाड लावा बघू. मी मागच्या वर्षी लावलं. मन इतकं हलकं होतं! तुमच्या बक्षिसाच्या कागदावर फुकट आहे ते."

यूलामेनं कागद काढला. खरंच होतं. ‘पुढीलपैकी एक मोफत: वेण्या, हवाई छत्री, किंवा स्वर्गात आपलं मूळ रुजवा, स्वतःच्या हातानं माड लावा.’

"ह्यात तरी माझ्याकडून उडी मारून घेत नाहीत," म्हणत यूलामे उठली.

खडक आणि आईस्क्रीमच्या यंत्राच्या मध्ये दोरी लावून एक पट्टा राखला होता. तिथं मोड आलेल्या नारळाची सहा रोपं, सहा खड्डे, आणि खोरं घेऊन उभा होझिया. बाजूला कॅमेरा गळ्यात घालून मॅनेजरीणबाई. पंचविशीतली, टापटिपीची पोरगी, उन्हानं नाक सोललेलं. बिचारीचं नाकसुद्धा करारावर असावं.

पाच पाहुण्यांची रोपं लावून झाली. यूलामे सहाव्या खड्ड्याशी आली. जागा तिच्या ध्यानात आली. खडक डाव्या हाताला, लाट समोर तिरकी फुटते. म्हणजे आठव्या-नवव्या झाडाच्या मधली.

"खोल कर," ती होझियाला म्हणाली.

"मॅडम, एवढा पुरतो."

"मॅडमला खोल हवाय."

होझिया खणू लागला. मॅनेजरीणबाई घड्याळ बघून म्हणाल्या, "इतकं खोल कशाला?" पण पाहुण्याची हौस म्हटल्यावर पुढं बोलल्या नाहीत. खणता खणता होझिया पुटपुटला, "आई, ऐक. खोटं नाही बोलायचं आता. संध्याकाळी जहाज गेलं की ही रोपं मी उपटतो. उद्याच्या जहाजाला हीच लावायची असतात. सहा गेली की सहा परत मोजून घेतात."

"तिचंपण?" यूलामेनं पाण्यात उड्या मारणाऱ्या मार्लीनकडे हनुवटी केली.

"तिचंपण. सगळ्यांचंच."

यूलामेनं एक मोठा श्वास घेतला. देवा, काय पण ह्या लोकांची कला! माणसाला रुजवायचं आणि रातोरात उपटायचं.

"उपट," ती म्हणाली. "रोप उपट तुझ्या कंपनीचं. खालचं राहू दे. पुढच्यांनी खणलं तरी पोचू नये, एवढं खोल कर."

दोन हात खोल झालं. खाली ओली, काळसर वाळू लागली आणि तिच्यात एक जुनं, तांबूस मूळ दिसलं, करवतीनं न गेलेलं. होझियाचं खोरं थांबलं. यूलामेनंही पाहिलं. होझिया तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आला, पाठ मोठी करून उभा राहिला, आणि यूलामे गुडघ्यांना शिव्या देत खाली बसली. डबी उघडली. कापसासकट नाळ बाहेर काढून मुळाला टेकवून ठेवली. तिच्या आजीनं जे शब्द म्हटले होते तेच म्हटले: "माती, हिला ओळखून ठेव." मग तिनं हातानं वाळू लोटली, वर रोप बसवलं.

"आता वाक्य म्हणा," मॅनेजरीणबाईंनी कॅमेरा रोखला. माळ्यानं प्रत्येक पाहुण्याला म्हणायचं ठरलेलं वाक्य होतं. होझियानं ते सहा वर्षांत हजारो वेळा म्हटलं होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "आजपासून तुमचं मूळ ह्या मातीत रुजलं. आजपासून तुम्ही..." आवाज फाटला. त्यानं घसा खाकरला. "आजपासून तुम्ही आमच्या घरातल्या."

"पुन्हा म्हण," यूलामे म्हणाली. "नीट."

त्यानं पुन्हा म्हटलं. मॅनेजरीणबाई अगदी खूश झाल्या. असा भावनेनं म्हणणारा माणूस हवा, म्हणाल्या. मग रोपांच्या पाट्यांवरची नावं लिहायचं पुस्तक उघडून त्यांनी विचारलं, "नाव?"

"झारिया पिंडर."

"गाव?"

"पिंडर्स क्रीक."

पेन थांबलं. "हे कुठल्या राज्यात येतं?"

होझियानं मान फिरवली. यूलामेनं त्या पोरीकडे नीट पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. वर्षभर कुंपणाच्या आत राहिली होती, आणि कुंपणापलीकडे गाव आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"शेजारच्या," यूलामे म्हणाली.

काम झालं होतं. आता तिला घरी जायचं होतं. कोंबड्या, आपली चूल, तुरीच्या दाण्यांचा भात. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की अर्ध्या तासात दारात. ती थेट फाटकाशी गेली. फाटकावर रूपर्ट, टोपी, शिट्टी, पट्टा.

"गुड आफ्टरनून, आत्या."

"गुड आफ्टरनून. उघड."

रूपर्ट घामाघूम झाला. "आत्या, निळ्या पट्ट्याच्या माणसाला बाहेर सोडायचं नाही. जहाजावर मोजणी असते. हे बघा, लिहिलंय." फाटकावर आतल्या बाजूनं पाटी होती: पाहुण्यांनी इथून पुढं जाऊ नये, पुढचा भाग सुरक्षित नाही.

"पुढचा भाग म्हणजे माझं स्वयंपाकघर आहे रे!"

"मला माहितेय, आत्या. मी तिथं जेवलोय."

"मग धोका कसला आहे तिथं?"

रूपर्टनं विचार केला. "तुम्ही घरी नसलात तर काहीच नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच घाबरला. यूलामेला हसू आलं. आत यायला सहा वर्षं लागली, आणि आता बाहेर जाता येईना. पण एका दिवसात घरातल्या किती जणांच्या नोकऱ्या खायच्या? तिनं त्याच्या गालावर चापट मारली आणि धक्क्याकडे वळली.

साडेचारला जहाज सुटलं. कठड्याला टेकून तिनं पाहिलं. किनारा रिकामा झाला होता. एक माणूस हातगाडी घेऊन दोरीच्या पट्ट्यात आला, वाकला, उठला, पुढं सरकला, पुन्हा वाकला. होझियाच. किती वेळा वाकला ते मोजायचा तिनं प्रयत्न केला, पण डोळ्यांना आता तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

"रडू नका हो," मार्लीन म्हणाली. "झाड आहे ना तिथं आपलं. आपण परत येऊच."

"येऊ," यूलामे म्हणाली. ह्या बाईला खरं सांगायची तिची छाती झाली नाही, आणि होझिया सहा वर्षं का गप्प राहिला ते तिला तेव्हा थोडं कळलं.

चौथ्या दिवशी सकाळी टपालबोट पिंडर्स क्रीकला लागली. धक्क्यावर होझिया उभा होता, साध्या सदऱ्यात. पलीकडे हंग्री बेवर पांढरा डोंगर लागलेला दिसत होता.

"आज जहाज आहे ना?" यूलामेनं बोटीतूनच विचारलं.

"आहे."

"मग तू इथं काय करतोयस?"

"पाचच रोपं परत गेली," होझिया म्हणाला. "सहावं उपटायचं राहिलं."

"राहिलं कसं?"

"एकदा कापलं होतं, आई. दुसऱ्यांदा हात धजेना."

यूलामेनं त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. हात कानाकडे गेला नव्हता. "आणि मग? त्यांनी उपटलं?"

"दुसऱ्या दिवशीच. मलाही त्याच्याबरोबर." तो थोडा हसला. "पण फक्त रोप. खालपर्यंत कुणी गेलं नाही. रूपर्टनं स्वतः बघितलंय."

बोटीवाले कांद्याची पोती उतरवू लागले. यूलामेला पुष्कळ बोलायचं होतं. मूर्खा, आता खाणार काय, ते रोप गेलं असतं तर काय बिघडलं असतं, असलं बरंच काही. पण तोंडातून एवढंच आलं, "शँटेलचा फोन आला होता का?"

"काल. टेक्सासला पोचले की लगेच करते म्हणाली. नाताळला येणार म्हणाली, बाळाला घेऊन."

"येणारच," यूलामे म्हणाली. "न येऊन सांगते कुणाला!"

होझियानं तिची पेटी खांद्यावर घेतली, दुसरा हात पुढं केला आणि मान लववून म्हणाला, "सांभाळून उतरा, मॅडम."

यूलामेनं त्याचा हात धरला, एक पाय धक्क्यावर ठेवला, दुसरा ठेवला, आणि मग चार दिवस राखून ठेवलेली थप्पड त्याच्या टाळक्यात मारली.

"मॅडम असेल तुझी आई!"